वरची दोन सप्तकं

३ ऑगस्ट

दादा,

मायना तीनदा लिहिला आणि खोडला. शेवटी नुसतं 'दादा' उरलं, तेच पुरे. अकरा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असं वाटून वहिनी हातातलं टाकून धावत येईल. तिला सांग, सगळे धडधाकट आहेत. काम आहे म्हणून लिहितेय.

नवी रचना पुरी झाली. एकट्या पियानोसाठी, एक्केचाळीस मिनिटांची. पहिला कार्यक्रम २६ सप्टेंबरला, मोठ्या सभागृहात; वाजवणारी नवी मुलगी आहे. तुला माझं संगीत आवडावं अशी माझी मागणी नाही, ती मी कधीच सोडून दिली. मला तुझे दोन दिवस हवेत, आणि तुझे कान.

पियानोच्या वरच्या भागात एकेका स्वराला तीन-तीन तारा असतात, हे मी तुला सांगायचं म्हणजे कमालच. त्या तिघी एका सुरात बोलल्या पाहिजेत म्हणून तू जन्मभर खपलास. त्यांच्यात केसाएवढा फरक राहिला की आवाज डोलतो, आणि तो डोल मारल्याशिवाय तू पुढच्या पट्टीला हात लावत नाहीस. मला तो डोल परत हवा आहे. माझ्या रचनेची शेवटची चार मिनिटं फक्त वरच्या दोन सप्तकांत आहेत. तिथल्या चोवीसही स्वरांचे डोल मी मोजून लिहिले आहेत: एकाला सेकंदाला दोन, शेजारच्याला तीन, पुढच्याला साडेचार. ऐकणाऱ्याला पियानो बिघडलाय असं वाटता कामा नये. तो श्वास घेतोय असं वाटलं पाहिजे.

याला बेसूर म्हणतील. म्हणू देत. सूर कशाला म्हणायचं हे ठरवणारी सभा कधी भरली होती, तिथे कोण कोण हजर होतं, आणि आपल्याला बोलावणं का नव्हतं, एवढंच मी चाळीस वर्षं विचारतेय. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

सभागृहाचा पियानो लावणारा तुझाच चेला आहे, काडीपैलवान. आता चष्मा लागलाय, केस गेलेत, पण अंगावर मांस धरलेलं नाही. त्याने दोन दिवस पियानोत डोकं खुपसून जे केलं त्याला मी काम म्हणणार नाही. वरचे स्वर मेलेत. पट्टी दाबली की लाकडाची टकटक येते, बंद दारावर कोणी बोट आपटावं तशी, आणि संपलं. डोल सोड, सूरसुद्धा नाही. तो म्हणतो, झालंय. मी म्हणते, नाही झालं.

तू ये. माझ्याकडे उतरायचं नसेल तर दुसरीकडे सोय करते.

तुझी
भोंगा
(नाव तूच ठेवलंस, तेव्हा मला ते लावायचा हक्क आहे.)


११ ऑगस्ट

दादा,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांत एक ओळ, आणि तीही पोलीस चौकीवर बसून लिहिल्यासारखी: 'टकटक तुला एकटीलाच ऐकू येते, की वाजवणारीलाही?'

वाजवणारी एकोणतीस वर्षांची आहे. हुशार आहे, मेहनती आहे, आणि इतकी सभ्य आहे की खुर्चीला पाय लागला तरी खुर्चीची क्षमा मागेल. मी विचारलं, सूर येतोय का? म्हणाली, मला येतोय बाई. आता यावर काय बोलायचं? जन्मभर ज्यांना सगळं 'येतच' आलं त्यांच्या साक्षीवर मी रचना उभी करू?

तुझा चेला तर त्याहून पुढे गेला. मापायचं यंत्र घेऊन आला. एकेक तार छेडायची आणि पडद्यावरचा आकडा मला दाखवायचा. हा बघा दोनचा फरक, हा तीनचा, सगळं तुम्ही लिहिल्याबरहुकूम. मी म्हटलं, मी यंत्रासाठी संगीत लिहीत नाही. वाजवणारी खाली बघत राहिली. तो यंत्र पिशवीत घालून शांतपणे म्हणाला, "मग कोणासाठी लिहिता, तेवढं सांगा, त्याला विचारून लावतो."

माझ्या तोंडावर, दादा. तू शिकवलेली भाषा.

मी व्यवस्थापकांना लेखी कळवलं आहे की हा माणूस या कामाला लायक नाही. ते लगेच उठले, जणू पत्राची वाटच बघत होते. त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. माझं त्याच्याशी व्यक्तिगत काहीच नाही, हे तू ध्यानात घे. प्रश्न कामाचा आहे. कोणाच्याच कामात आता जीव राहिलेला नाही. साध्या चहाच्या किटल्यासुद्धा शिट्टी देत नाहीत. मी दोन बदलल्या, दोन्हींचं बूड जळलं.

तुझी तारीख कळव.

भोंगा


२० ऑगस्ट

दादा,

हे वहिनीला दाखवू नकोस.

काल तालमीला आम्ही दोघीच होतो. मी रंगमंचावर पियानोच्या मागे बसले, वाजवणारीला माझा चेहरा दिसणार नाही अशी. म्हटलं, शेवटची चार मिनिटं. तिने वाजवली. मी म्हटलं, पुन्हा. तिने पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा पुन्हा म्हटलं, आणि त्या वेळी मला वाटलं की काहीतरी हलतंय, काहीतरी जमतंय. मी तसं म्हणालेसुद्धा.

ती उठली. पियानोला वळसा घालून माझ्यासमोर आली आणि जमिनीवर बसली, शाळेतली मुलं बसतात तशी.

"बाई, ह्या वेळी मी तुमचे स्वर वाजवले नाहीत," म्हणाली. "ताल तुमचाच ठेवला. पट्ट्या मनाला येतील त्या दाबल्या. तुम्ही 'आता जमतंय' म्हणालात."

मी तिच्यावर ओरडायला हवं होतं. तू मला ओळखतोस. एवढ्या मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज आहे माझा. त्याऐवजी मी स्वरांचे कागद गोळा करायला लागले. ती म्हणाली, मी कोणाला सांगणार नाही. आणि मग क्षमा मागितली. कशाची ते तिलाच ठाऊक.

आज सकाळी कानांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाले. सुरुवातीचे जाड आवाज आले तशी दाबत गेले, मग बराच वेळ अंगठा तयार ठेवून बसले. मला वाटलं पुढचे अजून यायचेत. त्यांनी दार उघडलं आणि झालं म्हणाले.

कागदावर एक रेघ काढून दिलीय. डावीकडून नीट सरळ येते आणि मग तळघराच्या पायऱ्यांसारखी खाली उतरते. माणसांचं बोलणं मला ऐकू येतं, समोर बसून बोललात तर अगदी नीट. वरचं गेलंय. मी विचारलं, कधी गेलं? म्हणाले, हे काही आजचं नाही, बाई. आठ वर्षं, कदाचित दहा.

दहा वर्षांत मी चौदा रचना लिहिल्या. दुपारपासून सगळ्या जमिनीवर पसरून बसलेय, लाल पेन्सिल घेऊन. वरचा स्वर दिसला की खूण करते आणि आठवायचा प्रयत्न करते, हा मी ऐकला होता की नुसता लिहिला होता? काही ठिकाणी खात्री आहे. बऱ्याच ठिकाणी नाही. एकीत बासरीला वरचा स्वर अकरा सेकंद धरायला लावलाय. कार्यक्रमाच्या वेळी मी पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते. कशावर डोळे मिटले होते मी?

आता ते काय म्हणतील ते तुला सांगते, कारण मला शब्दन् शब्द पाठ आहे. म्हणतील, तरीच! बाईला ऐकूच येत नव्हतं, म्हणून तसलं लिहीत होती. चाळीस वर्षं ज्यांना माझ्या संगीताला उत्तर सापडलं नाही त्यांच्या हातात मी स्वतः उत्तर नेऊन देणार. आणि ते फक्त माझ्याबद्दल बोलून थांबणार नाहीत. जी जी पोरं काही नवं लिहायला बसतील त्यांना विचारतील, कान तपासून घेतलेस का?

म्हणून एक ठरवलंय. शेवटची चार मिनिटं दोन सप्तकं खाली आणते. तिथलं मला स्वच्छ ऐकू येतं. तिथे डोल कसे हवेत ते मी स्वतः सांगू शकेन. कोणाला काही कळणार नाही. पियानो लावायला बाहेरून कोणी मिळेल. काडीपैलवानाचं कार्यक्रम झाल्यावर बघता येईल, चौकशा काय, होतात आणि विरतात.

तुला आता यायची गरज नाही. आधीच्या पत्रातलं विसर.

(२५ ऑगस्ट. पाकीट पाच दिवस टेबलावर होतं. आज टाकतेय.)


२ सप्टेंबर

दादा,

सव्वा पान! मला आठवतंय तेव्हापासून तू कोणालाही सव्वा पान लिहिलेलं नाहीस. लग्न ठरल्याचं बाबांना कळवलंस तेही चार ओळींत.

टकटक हा शब्द वाचला आणि तुला कळलं, असं तू लिहितोस. तुझी म्हातारी गिऱ्हाईकं बोलावतात, वरच्या पट्ट्या मेल्या म्हणून तक्रार करतात, आणि तू दहा मिनिटं किल्ली हातात घेऊन पियानोत वाकतोस, काहीही फिरवत नाहीस, आणि आता बघा म्हणतोस. त्यांतली निम्मी म्हणतात, हां, आता झालं. तू हे तीस वर्षं करतोयस आणि घरात कधी बोलला नाहीस. मी असते तर त्यावर व्याख्यान दिलं असतं.

आणि मग तुझं ते वाक्य. मी ते वाचून कागद उलटा ठेवला, स्वयंपाकघरात गेले, परत आले, तरी ते तिथेच. 'तुला ऐकू येतं तेवढंच लिहायचं असेल तर घरी बसून लिही, लोकांना कशाला बोलावतेस?'

हे माझं बोलणं आहे, दादा. मी सभागृहांतून, शाळांतून, एकदा तर बंद पडलेल्या गिरणीच्या फाटकावर उभी राहून हेच ओरडत आलेय: ओळखीचं ऐकायला येऊ नका, ओळखीचं तुमच्या घरी आहे. तू ते कधी ऐकायला आलास? की वर्तमानपत्रात वाचायचास?

खाली आणलेला भाग वाजवून घेतला. मला सगळं ऐकू आलं. डोल अगदी मोजून येत होते. आणि तो श्वास नव्हता, गुरगुर होती. जाड आवाजाचं जनावर पोतं ओढतंय. वाजवणारीने वाजवून झाल्यावर हात मांडीवर ठेवले. एरवी ती 'छान' तरी म्हणते. मी विचारलं, कुठली चांगली? म्हणाली, ही वेगळी आहे, बाई. म्हणजे वाईट. सभ्य माणसं वाईटाला वेगळं म्हणतात.

आता दुसरं.

अकरा वर्षांपूर्वीचं, बाबांच्या पियानोचं. मी त्याच्या तारा लोकांसमोर एकेक करून सैल केल्या, शेवटची निघेपर्यंत, आणि तू मधूनच उठून गेलास. त्या रचनेबद्दल मी आजही क्षमा मागणार नाही. बाबा गेल्यावर घरात जे झालं ते मला तसंच ऐकू आलं होतं. पण तो पियानो तू चाळीस वर्षं लावलास, मी एकदाही नाही, आणि तुला न विचारता तो उचलून नेला. तिथे मी चुकले. आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाल्याने तुझ्याबद्दल विचारलं, तेव्हा मी म्हणाले, 'माझा भाऊ मेलेल्यांचे केस विंचरतो.' वाक्य चांगलं होतं. टाळी घेणारं होतं. म्हणूनच बोलले. खरं आहे की नाही हे बघितलंच नाही. तुझ्या वर्कशॉपच्या दारावर कोणीतरी ते कात्रण चिकटवून गेलं होतं, असं वहिनीने तेव्हा कळवलं. त्यावर मी उत्तर दिलं नाही.

ही क्षमा मागण्याची पद्धत नाही हे मला कळतंय. मला दुसरी येत नाही.

काडीपैलवानाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, की तो रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतो, पहिल्या गाडीने तुझ्याकडे येतो आणि संध्याकाळपर्यंत तुझ्या वर्कशॉपमध्ये बसतो, कारण घरी सांगितलेलं नाही. सव्वीस वर्षं नोकरी झाली त्याची.

चौकशीची बैठक दहा तारखेला आहे.


१२ सप्टेंबर

दादा,

सात माणसं, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास आणि माझ्या तक्रारीची प्रत. काडीपैलवान टोकाला, इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीखाली दाबून. मी तीन पानी भाषण लिहून नेलं होतं. संगीताचा इतिहास होता त्यात, कान आणि मन यांच्यावर एक परिच्छेद होता. तुला आवडला नसता.

उभी राहिले आणि त्याच्याकडे बघितलं. मग पानं खाली ठेवली. म्हणाले, "ह्यांचं काम बरोबर होतं. मला वरचं ऐकू येत नाही. तक्रार मागे घेते."

इतकंच. माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण.

व्यवस्थापक पुढे झुकले. ते बरेचसे सुशिक्षित आहेत, चेहरा सरळ ठेवू शकतात. म्हणाले, म्हणजे बाई, आत्तापर्यंतचं जे सगळं... आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. कोपऱ्यात कोणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. ते मला ऐकू आलं. डॉक्टर म्हणालेच होते, माणसांचं ऐकू येईल.

उत्तरं होती माझ्याकडे, दादा. पाच तरी होती. ऐकायला काडीपैलवान बसला होता, आणि मी बोलायला लागले असते तर ती बैठक माझी झाली असती. म्हणून एवढंच म्हटलं की ते तुम्ही ठरवा, आधी यांना कामावर घ्या. ते म्हणाले, लेखी द्या. दिलं.

काल वर्तमानपत्रात आलं. 'न ऐकता लिहिलेलं संगीत.' मथळा चांगला आहे. तशा मथळ्यांबद्दल आता मला थोडंफार कळतं. तेव्हापासून कागद पुढे घेऊन बसते आणि एकही स्वर उमटत नाही. लिहायला घेतला की वाटतं, हा माझा आहे की माझ्या आठवणीचा? भीती अशी बसलीय की रस्त्यावरून जाताना मागून कोणी हाक मारतंय का म्हणून चारदा वळून बघते.

काडीपैलवान आज सकाळी परत आला. चार मिनिटं मी वरच ठेवली आहेत, जिथे लिहिली होती तिथे. तो पियानोचं झाकण उघडून वाकला, मी शेजारी उभी. क्षमा मागायची म्हणून तोंड उघडलं, तर डोकं वर न करता म्हणाला, "बाई, जरा गप्प बसता का? मोजतोय."

मी दीड तास गप्प बसले. तो काय मोजत होता ते मला कळलं नाही. त्याच्या ओठांची हालचाल बघत होते.

२६ चं तिकीट सोबत पाठवतेय. नसेल यायचं तर कोणाला देऊन टाक. परत पाठवू नकोस.

भोंगा


२८ सप्टेंबर

दादा,

सभागृह भरलं होतं. माझ्या कार्यक्रमाला बाल्कनी उघडावी लागली असं पहिल्यांदाच घडलं. निम्मे लोक बहिरी बाई बघायला आले होते, हे मला ठाऊक आहे. बघू देत. तिकीट काढून आले आणि खुर्चीत बसले, एवढा हक्क मला पुरतो.

मी सहाव्या रांगेत कडेला बसले. तुझी जागा नवव्या रांगेत होती. मध्यंतर नव्हतं, म्हणून मागे वळून तीनदा बघितलं. खुर्ची रिकामी. तिसऱ्यांदा बघितल्यावर शेजारच्या बाईने मला पेपरमिंट दिलं.

पहिली सदतीस मिनिटं ती पोरगी वाघिणीसारखी वाजवत होती. सभ्यपणा घरी ठेवून आली होती. मग शेवटचा भाग आला. तिचे दोन्ही हात उजवीकडे सरकले, खांदा वळला, आणि मी बाहेर पडले. मला दुसरा शब्द सापडत नाही. सगळे आत होते आणि मी बाहेर. हातोड्या आपटत होत्या, बस. मी घड्याळ बघितलं नाही. तिच्या कोपरांवरून कुठे पोचलोय ते मोजत राहिले आणि लोकांकडे बघितलं. पुढच्या रांगेतला एक माणूस पाकिटातून काहीतरी काढत होता, तो तसाच हात आत ठेवून थांबला. कोणीतरी उठून गेलं, दार आपटून. पेपरमिंटवाल्या बाईंनी मान थोडी तिरकी केली, वाऱ्याची दिशा बघतात तशी, आणि शेवटपर्यंत सरळ केली नाही. त्यांना ते आवडलं की मान अवघडली, देव जाणे. मी माझ्या स्वतःच्या रचनेत बसून एका अनोळखी बाईची मान वाचत होते.

संपल्याचं मला टाळ्यांनी कळलं. बऱ्याच उशिरा सुरू झाल्या त्या. की मलाच उशीर वाटला?

मग घरी आले आणि दोन दिवस अंथरुणातच होते. तू आला नाहीस, याचं दुःख किती होईल ते मी धरूनच चालले होते. त्याहून जरा जास्त झालं.

आज सकाळी वहिनीचा फोन. मोठ्याने बोलायचं असं तिला कोणी तरी सांगितलेलं दिसतं, शेजारीपाजारी सगळ्यांना कळलं असेल. म्हणाली, "अहो वन्सं, हे आले होते. खुर्चीत बसवेना म्हणे, मागच्या दाराशी उभे होते, काडीबरोबर. तेव्हापासून वेगळंच चाललंय. जेवताना मध्येच थांबतात आणि बोटाने ताटावर काहीतरी मोजतात. काल विचारलं, काय झालंय तरी काय? तर म्हणाले, एकोणिसावा थोडा घाईत होता."

एकोणिसावा. त्या स्वराला मी सेकंदाला साडेतीन डोल लिहिले आहेत.

किती होते, दादा? चार? की साडेतीन आणि थोडे वर? आणि तो घाईत होता तर विसावा त्याच्याशेजारी कसा वाटला? मी त्या दोघांना मुद्दाम एकत्र ठेवलंय, कागदावर ते एकमेकांकडे झुकतात. खरंच झुकतात का? आणि अगदी शेवटी, ती सगळ्या पट्ट्या सोडते आणि फक्त एकच धरून ठेवते, तेव्हा तो आवाज कुठवर जातो? दाराशी पोचला का? तू तिथेच होतास.

काय असायला हवं होतं ते मला पाठ आहे. ते मीच लिहिलंय. काय होतं ते तू लिही. पहिल्या स्वरापासून, जसं आठवेल तसं, चांगलं म्हणू नकोस आणि वाईटही म्हणू नकोस. चार ओळींत भागवायचं नाही. मी मध्ये बोलणार नाही.